एका टेबलावर जेवलं म्हणजे जात जाते का?

"आता कुठं राहिलीया जात, पाव्हणं? हे बघा की, एका टेबलावर बसून जपानी जेवाय लागलोय आपण!"

हे वाक्य मुलाच्या मामांचं. मुलगा म्हणजे माझ्या पुतणीनं पसंत केलेला मुलगा. ठिकाण कोल्हापुरात नव्यानं उघडलेलं एक जपानी-चायनीज फ्युजन रेस्टॉरंट. आम्ही कोडोलीहून वाठारमार्गे हायवेनं दोन गाड्या करून गेलो होतो. ते वारणा खोऱ्यातल्याच एका उसाच्या गावातून आले होते, आमच्या घरापासून फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावरून. म्हणजे दोन्ही घरं एकमेकांच्या इतकी जवळ असून भेटायला मात्र तीस किलोमीटर लांब गेलो. का गेलो, त्यावरच हा लेख आहे. घरच्यांना विचारून लिहितोय. नावं कुणाचीच देणार नाही, त्यांचीही नाही आणि हॉटेलचंही नाही. हॉटेलवाल्यांचा यात काही दोष नाही, जेवण चांगलं होतं.

पोरगा-पोरगी दोघंही पुण्यात एकाच कंपनीत आहेत. चार वर्षांची ओळख. आम्ही बौद्ध, ते मराठा. त्यांच्या घरी समजल्यावर आधी सहा महिने अबोला झाला. मग मुलानं हट्ट धरल्यावर निरोप आला, "भेटूया, पण बाहेर कुठंतरी." बाहेर कुठंतरी! आमच्या थोरल्या दादानं आधी कोडोलीला घरीच बोलावलं होतं. त्यावर उत्तर आलं की पहिल्यांदाच घरी नको, अवघडल्यासारखं होतं. बरं, मग तुमच्याकडे येतो म्हटलं, तर भावकी काय म्हणेल हा प्रश्न निघाला. तेव्हा पोरीनं हे हॉटेल काढलं. मी तिला विचारलं, "अगं, कोल्हापुरात येऊन तांबडा-पांढरा सोडून सुशी कशाला?" तिचं उत्तर मला अजून टोचतंय. म्हणाली, "काका, तिथं कुणालाच काही माहीत नसतं. कुणाच्या घरात असं शिजतं आणि कुणाच्या घरात तसं, हा विषयच निघत नाही."

पोरगी हुशार आहे. तिनं असं जेवण शोधलं होतं ज्याला आपल्याकडं जात चिकटलेली नाही. कोल्हापूर जिल्ह्यात मटण म्हटलं तरी जात येते. कोण वजडी, रक्ती, मुंडी खातं, कोण खाऊनही सांगत नाही, कुणाच्या रश्शात काय असतं, याची उठाठेव प्रत्येक गल्लीत असते. मिसो सूपला ती भानगड नाही.

आणि खरं सांगतो, पहिली वीस मिनिटं त्या टेबलावर समता नांदली. कारण कुणालाच खाता येत नव्हतं. आमची आई ऐंशीच्या घरातली. तिनं त्या दोन काड्यांकडं बघून वेटरला म्हटलं, "बाळा, चमचा दे." लगेच समोरून मुलाचे वडील म्हणाले, "मलाबी." सगळे हसले. सुशीवरच्या हिरव्या वसाबीला चटणी समजून मामांनी बोटभर उचलली आणि डोळ्यांत पाणी आलं. अडाणीपणात सगळे सारखे झालो. मला वाटलं, चला, काहीतरी जमतंय. तेवढ्यात मामांनी ते वरचं वाक्य टाकलं.

मी कार्यकर्ता माणूस. जिभेवर उत्तर होतं. पण पोरीनं टेबलाखालून पाय दाबला. म्हणून तिथं गप्प बसलो आणि इथं बोलतोय.

मामांचा मुद्दा एकट्या मामांचा नाही. आज प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर, प्रत्येक कॉलेजच्या कट्ट्यावर हाच मुद्दा ऐकू येतो. "आम्ही तर एकत्र जेवतो, एकाच ताटात खातो, जात फक्त आरक्षणापुरती उरलीय." मित्रांनो, जातीचा नियम शेजारी कोण बसलंय एवढ्यावर कधीच संपत नव्हता. जातीचा खरा प्रश्न आहे रांधलं कुणी, कुणाच्या चुलीवर, कुणाच्या भांड्यात आणि मग पोरगी कुणाच्या घरात जाते. हॉटेलात हे चारही प्रश्न झाकले जातात. स्वयंपाकघर दाराआड असतं, भांडी मालकाची असतात, आणि बिल भरलं की नातं संपतं.

त्या रात्रीचंच बघा. आमचं जेवण करणारी पोरं नेपाळी होती की ईशान्येकडची, ते मला माहीत नाही. काचेतून दोघं दिसत होते. मुलाच्या आईनं वेटरला विचारलं, "व्हेजचं किचन वेगळं आहे ना? आज गुरुवार आहे माझा." उपवास पाळण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रांधणाऱ्याची जात कोणती, हे त्यांनी विचारलं नाही. चेहरा "चायनीज" दिसला की जात विचारायची गरज वाटत नाही. माणूस जितका लांबचा, तितकं त्याच्या हातचं चालतं. अर्ध्या तासावरच्या आमच्या वहिनीच्या हातचं मात्र "अवघडल्यासारखं" होतं.

आता या चायनीजची गंमत ऐका. मेनूत हक्का नूडल्स होत्याच, त्या कुठल्या चायनीज गाड्यावर नसतात? हे हक्का म्हणजे चीनमधून कलकत्त्यात आलेले लोक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते कलकत्त्याच्या टांगरा भागात कातडी कमावण्याचा धंदा करू लागले. हा धंदा त्यांच्यासाठी मोकळा का राहिला? कारण आपल्याकडच्या सवर्णांनी चामड्याला विटाळ मानून त्याकडं पाठ फिरवली होती. चामड्याचं काम केलं म्हणून आपल्याकडं ढोर, चांभार अस्पृश्य झाले. तेच काम करणाऱ्या हक्कांच्या हातच्या नूडल्स पुढं साऱ्या देशानं मिटक्या मारत खाल्ल्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणापायी टांगऱ्याचे चामड्याचे कारखाने हलवण्याचा आदेश दिला. तिथल्या कित्येक चिनी कुटुंबांचा आधार मग हॉटेलच उरलं. आणि चिकन मंचुरियन तर मुंबईत जन्मलं. कलकत्त्यातच वाढलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ते पहिल्यांदा केलं, असं ते स्वतः सांगत आले. चर्मकारांच्या वस्तीतून वर आलेलं हे जेवण आज "प्युअर व्हेज" पाटीखाली जैन मंचुरियन म्हणून विकलं जातं. कुणाला विटाळ होत नाही.

कोल्हापुरी चपलेचंही हेच आहे. २०१९ ला तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच सँडल दाखवली तेव्हा साऱ्या कोल्हापूरचा अभिमान जागा झाला. जागा व्हायलाच हवा होता. पण तो अभिमान मिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी चप्पल करणाऱ्याच्या घरी बसून भाकरी खाल्लीय, ते आपापल्या मनाशी मोजावं.

पदार्थ जातीची वेस ओलांडतो, वस्तू ओलांडते. माणसाला मात्र वेशीवरच थांबवतात. हे फक्त आपल्याकडंच आहे असंही नाही, आणि इथं मला आपल्याच माणसांशी थोडं भांडायचंय. त्या टेबलावर माझा पुतण्या, कॉलेजात शिकणारा, मामांना उत्तर म्हणून छाती फुगवून म्हणाला, "जपान बौद्ध देश आहे, तिथं जात नाही." टाळ्या घेणारं वाक्य आहे. आपल्या सभांतही हे मी ऐकलंय. पण ते खोटं आहे आणि खोट्यावर चळवळ उभी राहत नाही.

जपानमध्ये शतकानुशतकं एता आणि हिनिन म्हणून हिणवलेले लोक होते. कसाई, चामडं कमावणारे, मेलेली जनावरं ओढणारे. वस्ती गावाबाहेर. त्यांनाच आज बुराकुमिन म्हणतात. इसवी सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूनं गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस खाण्यावर बंदी घातली, आणि पुढं हत्या पाप मानणारा बौद्ध विचार व शिंतोंचा विटाळ मिळून खाटकाचं काम करणाराच अपवित्र ठरला. म्हणजे बुद्धाचं नाव घेऊन माणसाला अस्पृश्य करता येतं, हे जपाननं करून दाखवलं. १८७१ ला सरकारी हुकूम काढून हा भेद रद्द झाला. लगेच १८७२ ला सम्राट मेइजीनं गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि बघता बघता सगळा देश ते खाऊ लागला. पण ज्यांच्या हातून ते मांस कापलं जात होतं त्यांची अस्पृश्यता गेली का? गेली असती तर १९२२ च्या ३ मार्चला क्योटोत त्यांना 'सुइहेइशा' ही समतेची संघटना उभारावी लागली नसती. आपल्या महाडच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट.

ओसाकाकडं त्यांचं खास खाणं आहे. मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, त्यांना साइबोशी म्हणतात. आपल्या चान्याच की! जनावराचं आतडं चरबीत तळून केलेलं आबुराकासू. हे एकेकाळी वस्तीतच खायचे, आज ते घातलेले उदोन नूडल्स ओसाकाच्या हॉटेलांत आवडीनं खातात. आणि १९७५ साली तिथं काय उघडकीस आलं माहीत आहे? बुराकू वस्त्यांची नावं-पत्ते असलेल्या छापील याद्या गुपचूप विकल्या जात होत्या, आणि मोठमोठ्या कंपन्या त्या विकत घेत होत्या. नोकरीला आलेला माणूस "त्यातला" तर नाही ना, हे बघायला. लग्न ठरवताना खासगी गुप्तहेर लावून मुलाचं मूळ गाव शोधण्याचा प्रकार तर वेगळाच. आपल्याकडं गुप्तहेर लागत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात आमचं आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न कुणाला पडत नाही.

तेव्हा पुतण्याला मी परत येताना गाडीत हे सांगितलं. बाबासाहेबांनी १९५६ ला आपल्याला दिलेला धम्म डोळस आहे. देश बौद्ध म्हणून जात नाही, असलं आंधळं समाधान त्यात बसत नाही. जाता जाता हेही सांगतो की आपल्यातलेच काही उपासक आजकाल वजडी-चान्या खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना विहारात टोमणे मारतात. त्यांनी जपानचा इतिहास एकदा वाचावा. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला सांगितलं, कारण ते लादलेलं होतं, त्यात गुलामी होती. खाटकाकडून विकत आणून आपल्या चुलीवर शिजवलेल्या मांसाची लाज बाळगा, असं त्यांनी सांगितलेलं नाही.

बाबासाहेबांनी सहभोजनाची बाजू आपल्या सगळ्यांआधी तपासून ठेवलीय. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समाज समता संघानं सहभोजनं घडवली होती. झुणका-भाकर सत्यनारायण करणारे अनंत हरी गद्रे, मिश्र भोजन घडवणारे केरळचे सहोदरन अय्यप्पन, अशी प्रामाणिक माणसं या कामात होती. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण १९३६ ला लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळानं करू न दिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी स्पष्ट मांडलं की सहभोजनानं जातीची भावना मरत नाही, रक्ताची सरमिसळ करणारा आंतरजातीय विवाहच ते करू शकतो, आणि तोही लोक का करत नाहीत तर धर्मशास्त्रांवरच्या श्रद्धेमुळं, म्हणून घाव तिथं घाला. यातलं पहिलं अर्धं वाक्य आज हॉटेलात सिद्ध होतं.

आकडे हवे असतील तर भारतीय मानव विकास सर्वेक्षण, २०११-१२. त्यांनी युक्तीनं विचारलं होतं. आधी, घरात कुणी अस्पृश्यता पाळतं का? नाही म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न, मग दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्यानं तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून २७ टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात अस्पृश्यता कबूल केली. तोंडानं कबूल केलेली इतकी, मनातली वेगळी. आणि त्याच सर्वेक्षणात जातीबाहेरची लग्नं पाच टक्क्यांच्या आसपास. संविधानाचं कलम १५ हॉटेल उघडतं, कलम १७ अस्पृश्यता नष्ट करतं, १९५५ चा कायदा हॉटेलात भांडं नाकारणाऱ्याला शिक्षा देतो. घरच्या चुलीपाशी कुठलाच कायदा पोचत नाही. तिथं माणसानंच पोचावं लागतं.

आणि आपल्या कोल्हापुरात एक माणूस पोचला होता. गंगाराम कांबळे हा शाहू महाराजांच्या पदरचा नोकर. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून सवर्ण नोकरांनी त्याला मारलं. महाराजांनी त्याला भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढून दिलं, सत्यसुधारक हॉटेल. आणि दुकान काढून देऊन थांबले नाहीत. भर रस्त्यात गाडी थांबवून गंगारामच्या हातचा चहा स्वतः प्यायचे, सोबतच्या अधिकाऱ्यांनाही पाजायचे. महाराजांनी गंगारामला राजवाड्यावर नेऊन जेवू घातलं असतं तरी लोकांनी त्याला राजाची दयाच म्हटलं असतं. त्यांनी गंगारामच्या हातचं घेतलं. माणगावच्या १९२० च्या परिषदेतही त्यांनी बाबासाहेबांना जेवायला बोलावलं ते आपल्या रजपूतवाडीच्या कॅम्पवर, सगळ्या सभेसमक्ष. कुठलं तरी तिसरंच, दोघांचंही नसलेलं ठिकाण त्यांनी शोधलं नाही.

ही देण्या-घेण्याची दिशा फार महत्त्वाची आहे. त्या रात्री बिल आलं तेव्हा दादा आणि मुलाचे वडील दोघांनी पाकीट काढलं. ओढाओढ झाली. शेवटी त्यांनी बिल दिलंच, "आमी मुलाकडचे हाय," म्हणून. सगळ्यांना तो मोठेपणा वाटला. आई मात्र गाडीत बसल्यावर म्हणाली, "त्येंनी घातलेलं आपुन आधीपास्नं खातोयच की. आपलं त्येंनी कवा खाल्लं?"

आईनं महारकीची भाकरी बघितलीय. लहानपणी ती तिच्या आजीबरोबर पाटी घेऊन दारोदार जायची. अंगणाबाहेर उभं राहायचं, वरून भाकरी पडायची, शिळं कोरड्यास गाडग्यात ओतलं जायचं. १९५८ च्या कायद्यानं वतनं गेली, धर्मांतरानं माणसांनी भाकरी मागणं सोडलं. त्या साऱ्या काळात गावानं आम्हाला हजारो भाकरी दिल्या असतील आणि आमच्या चुलीवरचा एक तुकडा कधी घेतला नसेल. चुलीचा रस्ता एकेरी होता. पंचतारांकित वाटणाऱ्या त्या हॉटेलात, मंद दिव्यांखाली, तो तसाच एकेरी राहिला. फक्त भाकरीच्या जागी सुशी आली.

मी हे लिहितो तेव्हा आपलंही ताट तपासायला हवं. आपल्यातले किती जण मातंगाच्या घरी सोयरीक करतात? ढोराच्या, मेहतराच्या घरी? बाबासाहेबांनी चढत्या-उतरत्या पायऱ्यांची विषमता म्हटलं ते यासाठीच. प्रत्येकाला खाली बघायला एक पायरी ठेवलेली असते. आमच्याच भावकीत एकानं "मराठा चालेल, पण त्या खालच्यातला नको" असं पोरीच्या लग्नावर बोलून दाखवलं. त्याला जय भीम म्हणायची लाज वाटली नाही. मामांवर लिहितो तसं त्याच्यावरही लिहिणं भाग आहे.

पोरीनं आणि मुलानं आता १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायचं ठरवलंय. तीस दिवस ती नोटीस कचेरीत लागणार, म्हणजे ज्याला आडवं यायचंय त्याला तारीख वार आयता कळणार. तरीही ते देणार आहेत. दोघांनाही पळून जायचं नाही. तिची एकच अट आहे की त्याआधी त्याच्या आईवडिलांनी एकदा कोडोलीला येऊन जेवावं. पुण्याच्या आमच्या काही पुरोगामी मित्रांना ही अट बालिश वाटते. ते म्हणतात, लग्न होतंय ना, मग जेवणावर कशाला अडायचं? मला ती अट बरोबर वाटते. उद्या ती त्या घरात सून म्हणून जाणार. तिच्या हातचं तिथं शिजणार आणि खाल्लं जाणार, कारण तेव्हा ती "आपली" झालेली असेल. पण तिची आई, तिची आजी, तिचं घर तसंच बाहेर राहणार. एक पोरगी आत घेऊन तिच्यामागचं दार लावून घेण्याला जात मोडणं म्हणत नाहीत.

हॉटेलातून निघतानाच दादानं पुढच्या रविवारचं आमंत्रण दिलं होतं. "बघू की, ऊसतोड उरकली की येतो." ऊसतोड उरकून कारखान्याचा पट्टाही पडला. गेल्या आठवड्यात दादानं पुन्हा फोन केला, स्पीकरवर ठेवून. मुलाची आई गोड बोलली. म्हणाली, "येतो की ओ. पण वहिनींना उगं कशाला तरास? जेवण वारणानगरातनं मागवूया. न्हाईतर परत त्या जपानीतच जाऊ, पोरास्नी बी आवडलंय."

वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "त्यास्नी सांगा, तरास व्हत न्हाई मला. रोजचंच हाय."

दादानं तसंच सांगितलं. पलीकडून "बघू" आलं.

मुलगा मात्र येत्या रविवारी येतोय, एकटा, मोटारसायकलवरून. वजडी खातो का, असं वहिनीनं पोरीकडून विचारून घेतलंय. कधी खाल्ली नाही म्हणाला, पण करा.